रत्नदीप संकुलाचा पहिला नंबर

१

चैत्रातली अमावास्या होती. होटगी रस्त्यावर दुकानदार शटरं वर करून नारळ फोडत होते, आणि रत्नदीप संकुलाच्या तळघरात एसीचा मेकॅनिक इंद्रजीत मरून पडला होता. थंड हवेच्या भल्यामोठ्या यंत्रासमोर, फरशीवर, पालथा. कपाळाला खोक पडली होती आणि शेजारी एसीच्या गॅसचे दोन रिकामे सिलिंडर होते.

संकुलात खाली साड्यांची दुकानं, मध्ये सिनेमागृह, वर कचेऱ्या. एवढी माणसं एका छपराखाली असली की बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संकुलानं यंदा गॅस विकतच घेतला नव्हता, मग हे सिलिंडर आले कुठून? दुपारपर्यंत इंद्रजीत दारुडा ठरला आणि संध्याकाळपर्यंत चोर. कुठून तरी गॅस लांबवला, पिऊन तळघरात लपवायला गेला, तोल जाऊन डोकं आपटलं. पोलिसांनीही अपघात म्हणून लिहून घेतलं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांचं सगळं झटपट जुळलं.

पद्मजा बोरोटीकर तिथे गेल्या त्या पुढच्या आठवड्यात, आणि त्याही वेगळ्याच कामाला. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. पण स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. जुळे सोलापुरातल्या चार समवयस्कांना गोळा करून त्यांनी हरित मंच काढला होता. शहरातली कुठली मोठी इमारत हवेत किती कार्बन सोडते, याची ही मंडळी दरवर्षी तुलना करत. वीज किती जाळली, जनरेटरला डिझेल किती लागलं, उपाहारगृहात गॅस किती गेला, हे सगळं एका मापात आणायचं, इमारतीच्या क्षेत्रफळानं भागायचं आणि क्रम लावायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात एसी जपून लावा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, पण नंबर म्हटला की भल्याभल्या मालकांचे कान टवकारतात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

यंदा त्यांनी हट्टानं एक कलम वाढवलं होतं. एसीतून गळणारा गॅस. तो किलोभर जरी हवेत गेला, तरी हजार किलोंहून जास्त कार्बन सोडल्याइतकं नुकसान करतो. यंत्रात जितका नव्यानं भरला, तितका जुना गळाला, असा सरळ हिशेब.

आणि यंदा पहिला नंबर आला होता रत्नदीपचा. गेल्या साली हेच संकुल शेवटून दुसरं होतं. व्यवस्थापक सुबोध हा बाईंचाच विद्यार्थी. नववीत असताना मेणबत्त्यांच्या प्रयोगाला सगळ्यांत आधी हात वर करणारा, आणि तास संपल्यावर काचेची भांडी पुसून ठेवल्याशिवाय घरी न जाणारा. त्याला फलक आपल्या हातानं द्यायचा, या कल्पनेनं बाई मनातून सुखावल्या होत्या.

फाटकापाशी, पार्किंगच्या खांबाच्या सावलीत एक म्हातारी बसून होती. बाईंची स्कूटर थांबलेली पाहून ती उठली.

"तुमी सायेबाच्या शाळंतल्या बाई न्हवं? म्या रंभाबाई. माळशिरसास्नं आले. इंद्रजीतची आय."

बाईंनी नुसता तिचा हात धरला.

"त्यो गेला. त्यो काय आता माघारी येत न्हाय," रंभाबाई म्हणाली. "पर त्याच्या लेकीला शाळंत पोरं चोराची पोर म्हनत्यात. दारुड्याची पोर म्हनत्यात. तेवडं खोडून काडा की, बाई. तुमी लई शिकल्याल्या हाय. माज्या पोरानं कदी थेंब तोंडाला लावला न्हाय."

बाई हो म्हणाल्या नाहीत. त्यांना म्हणवेना. कारण महिन्याभरापूर्वी आकडे तपासायला त्या इथे आल्या होत्या, तेव्हा तळघराच्या जिन्यावरून झोकांड्या खात वर येणारा इंद्रजीत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

२

"बाई, खाली कशाला येता? आकडे सगळे दिलेत ना मी," सुबोध म्हणाला. तो आठवड्यात वाळला होता. दाढी वाढली होती.

"पहिल्या नंबरची इमारत मी डोळ्यांनी बघते. तुला ठाऊक आहे."

पहारेकरी शरणप्पानं तळघराचं दार उघडलं आणि कानावर आवाज आदळला. भिंतीत बसवलेला मोठा फॅन आतली हवा बाहेर फेकत घोंघावत होता. खोली ठेंगणी, खिडकी नसलेली. मधोमध ते जुनंपुराणं यंत्र आता मुकाट उभं होतं. सुबोध काहीतरी सांगत होता, पण बाईंच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय एक अक्षर कळत नव्हतं.

"फॅन नेहमी चालू असतो का रे?" बाई ओरडून म्हणाल्या.

"रात्रंदिवस! नियमच आहे! त्या दिवशीही चालू होता, विचारा शरणप्पाला!"

शरणप्पानं मान हलवली. बाईंचं लक्ष मात्र पूजेकडे गेलं होतं. इंद्रजीत दर अमावास्येला यंत्राची पूजा करी, हे संकुलात सगळ्यांना माहीत होतं. ती मांडणी अजून तशीच होती. मेलेल्या माणसानं मांडलेल्या पूजेला तेराव्याआधी हात लावायचा नाही, असं म्हणून शरणप्पानं झाडूवालीलाही आत येऊ दिलं नव्हतं.

दिवे दोन होते. एक भिंतीवर, डोक्याइतक्या उंच फळीवर, तसबिरीसमोर. दुसरा यंत्राच्या पायाशी, फरशीवर. बाईंनी चष्मा सारखा केला. वरचा दिवा कोरडा ठाक होता, वात जळून राख झालेली. खालचा दिवा तेलानं काठोकाठ भरलेला होता आणि त्याच्या वातीचं फक्त टोक काळं झालं होतं. शेजारी न फोडलेला नारळ, रिकामी काडेपेटी आणि मूठभर काड्या. बाईंनी वाकून एक काडी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक काडीचं नुसतं डोकं जळलं होतं. लाकूड कोरं होतं. त्या तीन काड्या त्यांनी पर्समध्ये टाकल्या.

मग त्या फळीपाशी गेल्या. दर महिन्याच्या दिव्याची काजळी भिंतीवर चढली होती. जुने डाग सगळे फॅनच्या बाजूला कललेले. त्यांच्यावर एक नवा डाग होता, तो मात्र ओळंब्यानं आखल्यासारखा सरळ वर गेलेला. बाईंनी त्यावर बोट फिरवलं. ताजी काजळी बोटाला लागली.

वर उजेडात आल्यावर त्यांनी घाम पुसायला पर्समधून रुमाल काढला, तेव्हा मोबाइल दिसला. मुलीचा फोन येऊन गेला होता. खाली असताना तो पर्समध्ये वाजून वाजून थांबला होता आणि बाईंना त्याचा पत्ता नव्हता.

त्या पायरीवरच उभ्या राहिल्या. दोन्ही दिवे एकाच माणसानं, एकाच वेळी, एकाच बाटलीतलं तेल घालून लावले. मग एक शेवटपर्यंत जळतो आणि दुसरा लागतो न लागतो तोच कसा विझतो?

३

तळघरात पडलेल्या त्या दोन सिलिंडरवर हिरवा पट्टा होता. तो पट्टा शहाजीच्या दुकानाचा. अर्ध्या सोलापूरच्या एसींना गॅस भरणारा हा गडी. बाई दुकानात शिरल्या तेव्हा तो कूलरच्या जाळीत गवत कोंबत होता.

"माजंच सिलिंडर हाय ते. चोरीला गेलं," त्यानं विचारायच्या आतच सांगून टाकलं.

"तक्रार कधी दिलीत?"

"द्यायचीच हुती की."

"कुलूप तुटलं होतं का?"

शहाजी गवत कोंबत राहिला.

"आणि भरलेले असले दोन सिलिंडर एकटा इंद्रजीत त्याच्या मोटारसायकलवरून घेऊन गेला?"

"बाई, तुमी जावा," शहाजीचा आवाज उतरला. "मला सगळं काम ह्याच लोकांकडनं मिळतंय. पोरंबाळं हायत माजी." बाई हलल्या नाहीत, तेव्हा तो जाळी खाली ठेवून त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "येक सांगतो. गावातल्या दर मोठ्या बिल्डिंगीला म्या उन्हाळ्यात गॅस भरतो. येकट्या रत्नदीपलाच यंदा लागला न्हाय म्हनत्यात. आन मशीन बगितलं का तुमी त्यांचं? समद्यात जुनं तेच हाय."

इतकं बोलून तो आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही.

शरणप्पा मूळचा अक्कलकोटचा. फाटकावरच्या खोपटात त्यानं स्वामींची तसबीर लावली होती आणि तिच्याखाली बसून तो डबा खात होता. बाईंना पाहून त्यानं घाईनं हात धुतले.

"त्या सकाळी नेमकं काय झालं, ते मला पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या. "कुणी पढवलेलं नको. तुम्ही पाहिलं ते."

"काय सांगायचं, बाई. दुकानवाल्यांनी आरडाओरडा केला, एसी गार नाही म्हणून. साहेब इंद्रजीतला फोन लावायले, तो उचलेना. मग आम्ही दोघं खाली गेलो. साहेब फोन लावतच होते. जिन्यात आलो की आत भजन वाजायलंय."

"भजन?"

"त्याच्या फोनला मारुतीचं भजन होतं की. चांगलं ऐकू आलं. दार ढकललं तर हा पडलेला." शरणप्पानं डबा बाजूला सारला. "माझ्या पोराएवढा होता, बाई. मी पळायलो आत, तर साहेबांनी दंड धरला माझा. आत जाऊ नको म्हणाले. मग डॉक्टरला बोलवायला वर पळाले. परत आले, दारात थोडं थांबले, मग आम्ही आत गेलो. घाबरले असतील बिचारे."

"डॉक्टरला बोलवायला वर? फोन तर त्यांच्या हातातच होता."

शरणप्पानं डब्याचं झाकण लावलं.

"आणि तेव्हा फॅन चालू होता?"

"चालू होता," तो लगेच म्हणाला.

"शरणप्पा, काल त्या फॅनच्या आवाजात सुबोध माझ्या कानाशी ओरडत होता तेही मला कळत नव्हतं. माझ्या खांद्यावरच्या पर्समधला फोन मला ऐकू आला नाही. तुम्हाला जिन्यातून भजन कसं ऐकू आलं?"

शरणप्पा उठून उभा राहिला. त्यानं एकदा स्वामींच्या तसबिरीकडे पाहिलं. "अय्यो," तो हळूच म्हणाला, आणि न आलेल्या गाडीसाठी फाटक उघडायला निघून गेला.

४

रंभाबाई नातीला आणि सुनेला घेऊन इंद्रजीतच्या भाड्याच्या खोलीत राहत होती. सून भिंतीकडे तोंड करून निजली होती. नात उर्वी दप्तर उशाला घेऊन बसली होती. शाळेत जात नव्हती.

"रंभाबाई, त्याला कधी चक्कर यायची का?" बाईंनी विचारलं.

"व्हय की. पाडव्यापास्नंच. फोनवर म्हनायचा, आये, खाली डोकं गरगरतंय, जीब जड व्हतीया. वर येऊन वाऱ्याला बसलो की लगीच बरं वाटतंय. म्या म्हनले, दवाखान्यात जा. तर म्हनला, सायेबाचा नंबर येऊ दे आदी."

महिन्यापूर्वीची ती सकाळ आता बाईंना पुरी आठवली. इंद्रजीत झोकांड्या खात वर आला खरा, पण फाटकाच्या कट्ट्यावर बसला, आणि बाई स्कूटरला किल्ली लावेपर्यंत ताळ्यावर येऊन त्यांना हसून म्हणाला होता, 'बाई, ऊन लई हाय, डोक्याला बांदा कायतरी.' चढलेली दारू अशी कट्ट्यावर बसून उतरत नाही. हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं. आपण त्या माणसाला दारुडा समजलो, याची त्यांना आता मनापासून लाज वाटली.

"पूजा करायचं त्याला कुणी शिकवलं?"

"म्याच की." रंभाबाईच्या चेहऱ्यावर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थोडा उजेड आला. "आमी रानात मोटंची, इंजनाची पूजा करायचो अवसंला. ज्याच्यावर पोट भरतंय त्याला दिवा लावायचा. म्या त्याला सांगितलं हुतं, मशीनम्होरं दिवा लाव आन तेल सरूस्तवर इजू दिऊ नको. इजला तर इगीन येतंय. लई ऐकायचा माजं. दिवा कदी इजू दिला न्हाय त्यानं."

बाई उठल्या. उंबऱ्याशी येऊन त्यांनी चपला घातल्या. दोन दिवे, सरळ काजळी, नुसती डोकी जळलेल्या काड्या, आणि जिन्यात ऐकू आलेलं भजन. सगळं जुळलं होतं. ते जुळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

५

सुबोधची खोली पहिल्या मजल्यावर होती. बाई त्याच्यासमोर बसल्या नाहीत. सरळ त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीकडे गेल्या. तिथे सगळ्या संकुलाच्या बटणांची पेटी होती. जिने, लिफ्ट, पार्किंग, तळघर. त्यांतल्या एकाच बटणाभोवती चिकटपट्टी ओरबाडून काढल्याचा चौकोनी डाग होता.

"हे तळघरातल्या फॅनचं. बरोबर?"

सुबोधनं मागे न वळता समोरची फाइल मिटली.

"नववीतला मेणबत्त्यांचा प्रयोग आठवतो तुला?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "काचेच्या उंच भांड्यात पायऱ्या, पायऱ्यांवर मेणबत्त्या, आणि वरून जड वायू सोडायचा. कुठली आधी विझते?"

"खालची," सुबोध म्हणाला.

"एसीचा गॅस हवेपेक्षा कितीतरी जड. गळाला की खाली साचतो आणि तिथली हवा वर ढकलतो, श्वासाला काही उरत नाही. खोलीला खिडकी नाही, म्हणून तर तिथे फॅन लावतात. वरचा दिवा गॅसच्या वर होता, तो शेवटपर्यंत जळला. खालचा बुडाला, म्हणून विझला. त्या दिवशी फॅन चालू असता तर गॅस साचलाच नसता, आणि काजळी दर महिन्यासारखी त्याच्या बाजूला कलली असती. ती सरळ वर गेलीय. शरणप्पानं जिन्यातून भजन ऐकलं. म्हणजे फॅन बंद होता. दार उघडल्यावर तू शरणप्पाला आत जाऊ दिलं नाहीस. समोर आपला माणूस पडलाय, आणि तू म्हणतोस आत जाऊ नको. आतली हवा जीवघेणी आहे हे ज्याला माहीत असतं तोच असं म्हणतो. मग तू वर पळालास. हातात फोन असताना डॉक्टरसाठी नव्हे, या बटणासाठी."

सुबोधनं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि मान खाली घातली.

"आणि सिलिंडर चोरीचे नव्हते," बाई पुढे म्हणाल्या. "तुझं यंत्र गळत होतं. गॅस भरलेला दाखवला असता, तर माझ्या नव्या कलमामुळे तू थेट तळाला गेला असतास. म्हणून शहाजीकडून गुपचूप आणवलास. इंद्रजीत तो भरत राहिला, तो गळत राहिला. आणि फॅनची वीज वाचवायला तू फॅन बंद केलास. दोन्हींकडून आकडा खाली आला."

खालच्या साडीच्या दुकानातून रेडिओचा आवाज येत होता.

"यंत्र बदला म्हणून मालकांच्या किती पाया पडलो, बाई," सुबोध शेवटी म्हणाला. "ते म्हणाले, नंबर आण, मग बघू. मला वाटलं, एकदा पहिला नंबर आला की नवीन यंत्र येईल, मग गळतीही थांबेल. एका उन्हाळ्याचा तर प्रश्न होता. इंद्रजीत म्हणाला, साहेब, मी भरतो गुपचूप, तुमचा नंबर येऊ द्या. चक्कर येते असंही म्हणाला होता. मी त्याला म्हटलं, अधूनमधून वर येऊन बसत जा."

तो रडायला लागला. शाळेत मार बसल्यावर रडायचा तसा, आवाज न करता.

"तुमच्या हातून फलक घ्यायचा होता मला. फॅन लावून मी दारात उभा राहिलो, हवा बदलायची वाट बघत. तेव्हा तो जिवंत असला तर? मी आत गेलो असतो तर?"

"तूही पडला असतास."

"ते खरं असलं तरी मला सांगू नका, बाई."

"लोक त्याला चोर म्हणत होते, सुबोध."

"मी नाही म्हटलं कधी. मी फक्त गप्प बसलो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. राग यायला हवा होता, तो आलाही होता, पण त्याच्याहून जास्त दुःख झालं होतं. कलम त्यांचं होतं. ते चुकीचं नव्हतं, ते पुढच्या वर्षीही ठेवायलाच हवं होतं. तरी एका भल्या माणसानं त्याच्यापायी दुसऱ्या भल्या माणसाला तळघरात एकटं सोडलं होतं.

"मला एकच कळत नाही," सुबोध डोळे पुसत म्हणाला. "त्याला चक्कर आली की तो वर यायचा. त्या दिवशी का नाही आला? खाली फरशीला तोंड लावून काय करत होता?"

बाईंनी पर्समधल्या त्या तीन काड्या टेबलावर ठेवल्या. "दिवा विझला होता. तो लावत होता. खाली वाकून काडी ओढायची, नुसतं डोकं जळायचं, ती विझायची. पुन्हा ओढायची. पेटी संपेपर्यंत."

"एवढं कशासाठी?"

"त्याच्या आईनं सांगितलं होतं, दिवा विझू द्यायचा नाही."

६

पोलीस ठाण्यात सुबोध स्वतःच्या पायांनी गेला. पण आधी तो फाटकाशी थांबला. रंभाबाईसमोर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. गॅस त्यानंच आणवला होता. फॅन त्यानंच बंद केला होता. इंद्रजीत प्यायला नव्हता आणि त्यानं काही चोरलं नव्हतं. दिव्याचं आणि काड्यांचं मात्र तो बोलला नाही. बाईंनी त्याला तेवढं बजावलं होतं.

रंभाबाईनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. कितीतरी वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"माज्या नातीच्या शाळंत येऊन सांगशील?" तिनं विचारलं. "पोरांम्होरं?"

"येईन. सोडतील तेव्हा आधी तिथेच येईन."

"न्हाय. आदी ये. मग जा कुटं जायचं तितं."

आणि तो गेला. चौथीच्या वर्गात, फळ्यासमोर उभा राहून, एवढ्याएवढ्या पोरांपुढे त्यानं हात जोडून सांगितलं की उर्वीचे वडील प्रामाणिक होते आणि खोटा मी आहे. बाई दाराशी उभ्या होत्या. उर्वी पहिल्या बाकावर बसली होती, दप्तर पोटाशी धरून.

हरित मंचाच्या तुलनेत रत्नदीपचा आकडा बाईंनी पुन्हा मांडला, गळलेला गॅस धरून. संकुल तळाला गेलं, दरवर्षी शेवटी राहणाऱ्या रुग्णालयाच्याही खाली. फलक त्या वर्षी कुणालाच दिला नाही.

पोलिसांनी तळघराचे फोटो काढले, काड्या आणि सिलिंडर नेले, आणि खोली मोकळी केली. तेराव्याच्या आदल्या दिवशी रंभाबाई म्हणाली, "मला ती जागा बगायची हाय. त्यानं लावल्याला दिवा बगायचा हाय."

"चला," बाई म्हणाल्या. "पण जिना अंधारा आहे. मी आधी दिवा लावून येते."

त्या एकट्या खाली उतरल्या. शरणप्पाला सांगून त्यांनी फॅन थोडा वेळ बंद करवला होता. खोलीत आता चांगली हवा होती, आणि शांतता होती. त्या यंत्रासमोर गुडघे टेकून बसल्या. फरशीवरचा तो दिवा तसाच होता, तेलानं भरलेला. त्यांनी तो उचलला, तेल एका कापडात टिपून घेतलं आणि वातीला पुरेल इतकं थेंबभर ठेवलं. मग शरणप्पाकडून आणलेल्या पेटीतली काडी ओढली. या वेळी ती पहिल्याच खेपेला पेटली. वात जळत जळत काळी झाली, तिची राख झाली, दिव्याचं बूड काजळलं. मुलांनी आलेला आकडाच लिहावा, हवा तो लिहू नये, म्हणून जन्मभर पट्टी आपटणाऱ्या बाई ते सगळं होईपर्यंत तिथे बसून राहिल्या. मग त्यांनी तेलाचं कापड पर्समध्ये कोंबलं आणि वर हाक मारली.

रंभाबाई शरणप्पाचा हात धरून उतरली. तिनं आधी वरचा दिवा पाहिला. मग खाली बसून यंत्रापुढच्या दिव्यात बोट फिरवलं.

"त्यो हितं खाली कशाला बसला हुता, बाई?"

"यंत्र कुठे गळतंय ते शोधत होता. वाकूनच बघावं लागतं ते."

रंभाबाईनं बोटाला लागलेली राख कपाळाला लावली.

"दोनी दिवं शेवटापतूर जळल्यात की," ती म्हणाली. "बगा. म्या सांगितल्यालं ऐकायचा त्यो."

"हो," बाई म्हणाल्या. "ऐकायचा."